बावीस पायऱ्या आणि एक कठडा

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात वास्तुकलेच्या पाचव्या वर्षाच्या विद्यार्थिनीने केलेले भाषण)



सत्कार झालेल्या विद्यार्थ्याने दोन शब्द बोलावेत अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. ते दोन शब्द बहुधा आभाराचे असतात. आभार आम्ही मानतोच. दुसऱ्या वर्षी संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली नसती तर आमचे शिक्षण तिथेच थांबले असते, हे इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. पण आज आम्ही आभार मानून खाली बसणार नाही. एक वस्तू परत मागायला आलो आहोत. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत मधल्या रंगीत पानावर नियोजित विहाराचे जे चित्र छापले आहे, ते आम्ही काढलेले आहे. ते पाहून अनेकांनी देणग्या जाहीर केल्या. ते चित्र चुकलेले आहे. त्याप्रमाणे बांधकाम सुरू होऊ नये, एवढे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

आम्ही एकटेच उभे असून ‘आम्ही’ म्हणतो, ते मोठेपणासाठी नव्हे. जे काही सांगणार आहोत त्यात आमची आजी आहे, गवंडीकाम करणारे मामा आहेत, आणि तुमच्यापैकी अनेकजण आहेत. एकटीचे असे त्यात फार थोडे आहे.

आधी एक खुलासा. आम्ही काय शिकतो असे कोणी विचारले की घरचे लोक ‘वास्तुशास्त्र’ म्हणून सांगतात. मग लगेच प्रश्न येतो, आमचा संडास ईशान्येला आहे, चालेल का? मित्रहो, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही हा प्रश्न येतो, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. आम्ही वास्तुकला शिकतो. ऊन कुठून येते, वारा कुठून येतो, पाणी कुठे तुंबते आणि माणूस कुठे अडखळतो, याचा तो अभ्यास आहे. ईशान्येला संडास चालतो. फक्त त्याला खिडकी पाहिजे आणि सांडपाण्याच्या पाइपाला ढाळ पाहिजे.

तिसऱ्या वर्षापासून आमच्याकडे एक शब्द फार कानावर पडतो. तुमची ‘फिलॉसॉफी’ काय? प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे एक तत्त्वज्ञान असावे आणि त्याच्या डिझाइनमधून ते दिसावे, अशी अपेक्षा असते. वर्गातले कोणी म्हणते, साधेपणा. कोणी म्हणते, निसर्ग. आम्हाला प्रश्न अवघड वाटला नाही. आमच्याकडे तर अडीच हजार वर्षांचे तयार तत्त्वज्ञान होते! चौथ्या वर्षी विहाराचा विषय घेतला आणि सगळे त्यात भरले. चार आर्यसत्यांची चार प्रवेशद्वारे, अष्टांगिक मार्गाचे आठ खांब, त्रिशरणाचे घुमटाखालचे तीन थर, आणि समोर बावीस प्रतिज्ञांच्या बावीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक प्रतिज्ञा कोरलेली. शेवटची प्रतिज्ञा वाचून झाली की माणूस वर पोचतो आणि समोर तथागतांची मूर्ती. ज्यूरीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शाबासकी दिली. कल्पना सशक्त आहे, म्हणाले. तेच चित्र आम्ही संस्थेला भेट दिले आणि ते छापून आले.

कार्डबोर्डचे मॉडेल आम्ही घरी आणून टीव्हीच्या बाजूला ठेवले होते. आजीने ते बराच वेळ पाहिले. तिला वाचता येत नाही, पण पायऱ्या मोजता येतात. ती म्हणाली, “पोरी, लई छान केलंस. पन मी कुठनं यायचं?”

आम्ही तिला समजावू लागलो, की या बावीस प्रतिज्ञा आहेत, एकेक पायरी म्हणजे एकेक प्रतिज्ञा. ती म्हणाली, “त्या मी घेतल्यात की. गुडघं चांगलं असताना घेतल्यात.”

हे ऐकून मामा हसले. त्यांनी खिशातली टेप काढली नाही, नुसता हिशेब केला. सहा इंचांची एक पायरी धरली तर बावीस पायऱ्यांची उंची अकरा फूट होते. म्हाताऱ्या माणसासाठी किंवा चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर नियमाने एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. म्हणजे १३२ फूट, शिवाय मध्ये थांबायच्या जागा वेगळ्या. आपला प्लॉट ४० बाय ६० चा. त्याचा सगळा परिघ २०० फूट. विहाराभोवती दोन तृतीयांश फेरी मारून आजी आत पोचणार, तोवर वंदना संपलेली असणार.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. गणित चुकले म्हणून नव्हे. गणित दुरुस्त करता येते. आमच्या मनात दुसरीच गोष्ट सलत होती. ज्या समाजाला देवळाच्या पायरीशी थांबवले गेले, ज्यांच्यासाठी २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू करावा लागला, त्या समाजाच्या मुलीने स्वतःचे पहिले विहार काढले, आणि त्यात स्वतःच्या आजीला दाराबाहेर ठेवले. कोणी मज्जाव केला नव्हता. फलक लावला नव्हता. नुसत्या पायऱ्या होत्या, आणि त्यांवर आमच्याच प्रतिज्ञा कोरलेल्या होत्या. इमारत माणसाला तोंडाने ‘येऊ नको’ म्हणत नाही. ती उंची वाढवते, दार अरुंद करते, पाण्याचा नळ पलीकडे ठेवते. असे करताना बांधणाऱ्याच्या मनात वाईट काही असावेच लागते असे नाही. आमच्या मनात तर श्रद्धा होती.

यानंतर काही महिने आम्ही गोंधळात होतो. प्रतीके सोडायची, तर मग विहार आणि लग्नाचा हॉल यांत फरक काय उरला? उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडले. आपल्या संस्थेचे लोखंडी कपाट सर्वांना माहीत आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, आपल्या पत्र्याच्या विहारात पाणी शिरले आणि कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके गेली. वरच्या फळीवरची वाचली. त्यांत राहुल सांकृत्यायन यांनी केलेला विनयपिटकाचा हिंदी अनुवाद होता. आम्ही तो सहज चाळायला घेतला. भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ, त्यात आम्हाला काय मिळणार, असे वाटत होते. चुल्लवग्गात शयनासनाचे एक प्रकरण आहे, म्हणजे राहण्याच्या जागांविषयीचे. ते वाचताना आम्ही अक्षरशः उठून बसलो.

तिथे गोष्ट अशी आहे. सुरुवातीला भिक्षू झाडाखाली, डोंगरकपारीत, उघड्यावर राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने ते पाहिले आणि विहार बांधून देऊ का असे विचारले. भगवंतांनी अनुज्ञा दिली, आणि त्याने एका दिवसात साठ विहार उभे केले. आता एका दिवसात साठ विहार म्हणजे ते कसे असतील, हे मामांना विचारण्याची गरज नाही. तक्रारी सुरू झाल्या. खिडक्या नाहीत, आत अंधार आणि कुबट वास. मग खिडक्यांची अनुज्ञा, तीन प्रकारच्या: कठड्यासारख्या, जाळीच्या आणि गजांच्या. खिडक्या झाल्या तर त्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली. मग पडद्याची अनुज्ञा, मग झडपांची. विहारांची जोती सखल होती, पाणी आत शिरू लागले. मग जोते उंच करण्याची अनुज्ञा. उंच केलेले जोते ढासळू लागले. मग विटांनी, दगडांनी किंवा लाकडांनी ते बांधून काढण्याची अनुज्ञा. जोते उंच झाले तर चढताना त्रास होऊ लागला. मग पायऱ्यांची अनुज्ञा. पायऱ्या चढताना माणसे पडू लागली. मग हाताने धरायच्या कठड्याची अनुज्ञा.

मित्रहो, हा कठडा वाचला आणि आम्हाला आजी दिसली. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी म्हातारा भिक्षू पायरीवरून पडला, कोणीतरी ते जाऊन सांगितले, आणि ज्यांनी सम्यक संबोधी प्राप्त केली त्या महापुरुषाने ते ऐकून घेतले आणि कठडा लावायला सांगितले. पडणाऱ्याला स्मृती ठेवून चढ, असा उपदेश केला नाही. कठडा लावा म्हटले. आम्ही आठ खांबांत अष्टांगिक मार्ग शोधत होतो, आणि धम्म तर त्या कठड्यात होता. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर करता येते. जोते सखल आहे म्हणून पाणी येते, एवढ्या साध्या पातळीवर ही विचारपद्धती काम करते, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

त्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. एक उपाय केला की त्यातून नवी अडचण निघते, आणि ती निघाली म्हणून कोणी रागावत नाही. पुन्हा जाऊन सांगतात, पुन्हा अनुज्ञा मिळते. आमच्या स्टुडिओत डिझाइन एकदा ‘फायनल’ झाले की झाले. वापरणाऱ्याने नंतर तक्रार केली तर त्याला सौंदर्यदृष्टी नाही असे समजतात. विनयाच्या पद्धतीत तक्रार करणारा हाच खरा डिझाइनर आहे. आमचे म्हणून जे काही तत्त्वज्ञान तयार होत आहे, ते इथून सुरू झाले.

आणि त्या श्रेष्ठीने साठ विहार कोणाला दिले? आलेल्या आणि अजून यायच्या असलेल्या, चारी दिशांच्या संघाला. अजून जे आलेच नाहीत त्यांना! हाच ‘चातुदिस’ संघ पुढे आपल्या लेण्यांतील दानलेखांत भेटतो.

लेण्यांचा विषय निघाला आहे तर थोडे थांबू. अभ्याससहलीत आम्ही कार्ल्याचे चैत्यगृह मोजले. सुमारे १२४ फूट लांब, भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. आपण शाळेच्या सहलीत ते पाहतो, हत्ती पाहतो आणि फोटो काढून परत येतो. मोजायला लागले म्हणजे वेगळे दिसते. दारावरच्या त्या मोठ्या कमानीतून येणारा उजेड थेट आतल्या स्तूपावर जातो आणि बाजूचे मार्ग सावलीत राहतात. ती कमान शोभेसाठी नाही. दिवा नसलेल्या दालनात उजेड नेमका हवा तिथे पोचवण्याचे ते साधन आहे. छताला लाकडी वासे बसवलेले आहेत, आणि ते मूळचेच असल्याचे मानले जाते. दगडाच्या छताला लाकडी वाशांची काय गरज? काहीच नाही. आधी अशी सभागृहे लाकडाची असत, त्यांची आठवण म्हणून ते आहेत. भाज्याच्या चैत्यगृहात खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी कमानीचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आत कलते रोवीत. दगडाला ते नको होते, तरी कोरणाऱ्यांनी ठेवले. म्हणजे जुन्या आकारांवर प्रेम करण्याची खोड फक्त आपलीच नाही, आपल्या पूर्वजांचीही होती. त्यामुळे सिमेंटच्या इमारतीवर फायबरची पिंपळपानी कमान चिकटवलेली दिसली की आमचे काही वर्गमित्र हसतात, तसे आम्हाला हसता येत नाही. ज्यांना शतकानुशतके स्वतःची खूण कुठेही लावू दिली नाही, त्यांना आपली वास्तू लांबून ओळखू यावी असे वाटणारच. आमचे म्हणणे एवढेच, की कमान ठेवायची तर तिला काम द्यावे. तिच्यातून उजेड आत यावा.

कार्ल्याच्या दाराशी लेख आहेत. धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने दार दान केल्याचा एक. आणि दुसरा, त्याच गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दाराचे काम केल्याचा. देणाऱ्याचे नाव आहे तसे घडवणाऱ्याचेही आहे. आतले खांब वेगवेगळ्या लोकांनी दिलेले आहेत, एकेक खांब एकेका दात्याचा, आणि त्यांत यवन दातेही आहेत. आपल्या निधीच्या पावत्या फाडताना आम्हाला त्यांची आठवण येते. विनंती एवढीच की उद्या संगमरवरी फलक लागेल तेव्हा देणगीदारांच्या खाली गवंडी, सुतार आणि बिगारी यांचीही नावे असावीत. हे आम्ही मामांसाठी मागत नाही. त्यांनी तर आधीच नको म्हटले आहे. आम्ही सामीच्या वतीने मागतो.

कान्हेरीला तर आम्ही पाच वेळा गेलो, बोरिवलीहून जवळ म्हणून. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत. लोक मोठ्या बुद्धमूर्ती पाहतात. आम्ही पावसाळ्यात जाऊन फक्त पाणी पाहिले. कातळावर चर खोदून पावसाचे पाणी लेण्यालेण्याच्या टाक्यापर्यंत नेलेले आहे. लेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे आणि त्याही कोणीतरी दान केलेल्या आहेत. मूर्ती दान करावी तशी पाण्याची टाकी दान केलेली! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्याचा अर्थ आपल्याइतका कोणाला कळणार? तरीही आमच्या पहिल्या चित्रात पिण्याच्या पाण्याचा एकही नळ नव्हता. घुमट होता.

असो. नवे काय ते सांगतो.

पाच-सहा रविवार आम्ही वसाहतीत घरोघरी फिरलो. ‘विहार कसे हवे’ असे विचारले नाही, कारण त्याचे उत्तर ‘भव्य’ असे येते. ‘आताच्या विहारात त्रास काय होतो’ असे विचारले. महिला मंडळाने सांगितले की जयंतीच्या जेवणाला पातेली रस्त्यावर मांडावी लागतात आणि संडासाचे दार थेट सभेकडे उघडते. मुलींनी सांगितले की घरी दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असतो आणि अभ्यासाला संध्याकाळनंतर जागा नसते. अभ्यासिका वर असेल तर जिना उजेडात आणि सर्वांच्या नजरेत पाहिजे, नाहीतर आई पाठवणार नाही. हे वाक्य आमच्या कोणत्याही पुस्तकात नाही. कुबड्या घेऊन चालणारे आपले माईकवाले भाऊ म्हणाले, मी नेहमी मशीन रस्त्यावरच लावतो, वंदना तिथूनच ऐकतो. किती वर्षे? ते हसले आणि वायर गुंडाळू लागले.

आणि सर्व ज्येष्ठांनी एकच सांगितले, पाणी. २००५ सारखे पाणी पुन्हा आत येता कामा नये. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो, पण ओळखीच्या प्रत्येक घराच्या भिंतीवर ती खूण दाखवली जाते. म्हणजे विनयपिटकातला पेच जसाच्या तसा आपल्या दारात उभा. जोते सखल ठेवले तर पाणी, उंच केले तर आजी बाहेर.

मामांनी ती खूण पाणसळीने मोजली. आजच्या रस्त्यापासून ती पावणेदोन फुटांवर येते. मग आम्ही दोन फूट धरले. मामा म्हणाले, रस्ता दर डांबरीकरणाला चढतो, जुन्या विहाराचा उंबरठा बघ कुठे गेला. अडीच फूट धर. अडीच फूट म्हणजे सहा इंचांच्या पाच पायऱ्या, आणि तीस फूट उतार. मध्ये पाच फुटांची थांबायची जागा. पस्तीस फूट झाले. प्लॉटच्या साठ फुटी बाजूला ते आरामात बसते. हा उतार आम्ही मागे ढकललेला नाही. तोच मुख्य रस्ता आहे, दारासमोर येणारा, आणि पाच पायऱ्या त्याच्या कडेला आहेत. कारण चाकाच्या खुर्चीवाल्याने मागच्या दाराने यावे ही व्यवस्था आपल्या परिचयाची आहे, तिचे वेगळे वर्णन करायला नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींना हे बंधनकारक केले आहे, पण कायद्याच्या आधी चुल्लवग्ग आहे. (पाच पायऱ्यांना पंचशील म्हणण्याचा मोह आम्हाला झाला होता. आवरला.)

अभ्यासिका आणि ग्रंथालय वरच्या मजल्यावर. ग्रंथसंग्रहाला जागा हवी म्हणून बाबासाहेबांनी मुंबईत राजगृह बांधले. आपण निदान पुस्तके भिजणार नाहीत एवढे तरी पाहू. ज्यांना वर जाता येणार नाही त्यांच्यासाठी वाचनाची चार टेबले खालीही आहेत. जिना सभागृहातूनच दिसतो. स्वयंपाकाचा ओटा मागे, शेडखाली, सांडपाण्याच्या चरासह. संडास वळणाआड. छताचे क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस मीटर आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्याच छतावर पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडून गटारात जाते. त्यातले थोडे तरी उताराखालच्या टाकीत साठेल आणि संडासाला, धुण्याला होईल. पिण्याचा नळ मात्र कुंपणाच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून. रिक्षावाला असो, भंगारवाला असो, त्याने फाटक न उघडता, नाव-गाव न सांगता पाणी प्यावे. त्या नळाचे बिल संस्थेने भरायचे आहे, हे कार्यकारिणीने आताच लक्षात घ्यावे, नंतर वाद नको.

आता आक्षेपांविषयी. ते आम्ही ऐकले आहेत आणि सगळ्यांची उत्तरे आमच्याकडे नाहीत. एक ज्येष्ठ, ज्यांनी पत्र्याचे विहार स्वतःच्या हाताने उभे केले, ते आम्हाला म्हणाले, “आमचा जन्म मान खाली घालून चालण्यात गेला. आता कुठे मान वर करून पाहावे असे काही उभे राहत होते, तर तू तेच खाली आणतेस.” हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप १२० फूट उंच आहे, आणि तो पाहून आमचाही ऊर भरून येतो. पण त्यातली एक गोष्ट पाहावी. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला प्रदक्षिणा घालतात. वास्तुशिल्पी शिवदानमल यांनी आखलेला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी लोकार्पण झालेला दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. लोकांना आत येऊन बसता यावे म्हणून जुना आकार बदलला. उंची गेली नाही, उलट तिच्या पोटात माणसांना जागा झाली. आम्हीही उंची सोडलेली नाही. ती जोत्याला न देता छताला दिली आहे. आत आल्यावर मान वर करावीच लागेल, छप्पर बावीस फुटांवर आहे, आणि दारावरच्या कमानीतून सकाळचे ऊन मूर्तीवर येईल. बाहेरून मात्र ते पूर्वीच्या चित्राइतके भव्य दिसणार नाही, हे खरे. त्या ज्येष्ठांना हे पटले का? नाही. त्यांनी एवढेच म्हटले, की बाहेरून जाणारा आत कुठे येतो, तो बाहेरूनच पाहतो. यावर आम्ही अजून विचार करतो आहोत.

बावीस प्रतिज्ञा आत उजव्या भिंतीवर येतील, बसून वाचता येतील अशा उंचीवर. पायाखाली त्या कशा ठेवल्या, हे कोणीच आम्हाला विचारले नव्हते. आज विचार केला तरी लाज वाटते.

विद्यार्थी मित्रांना एक-दोन गोष्टी. या शिक्षणाचा खर्च मोठा आहे, तो लपवू नका, संस्थेकडे या. आणि पाच वर्षे पूर्ण होऊन १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी होईपर्यंत आम्ही आर्किटेक्ट नाही. नव्या नकाशावर सही नोंदणीकृत आर्किटेक्टचीच लागेल. तशी व्यवस्था अध्यक्षांनी केली आहे. त्यांनी चुका काढल्या तर आम्हाला आनंदच होईल. मामांनी आधीच चार काढल्या आहेत, त्यांपैकी एक पागोळीची होती, सगळे पाणी बरोबर चपला काढायच्या जागेवर पडत होते.

शेवटी एक काम आहे. सभागृहाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या पिंपाजवळ, मामांनी लाकडाचा तात्पुरता उतार आणि कठडा उभा केला आहे. नियमाप्रमाणे कठड्याला दोन दांड्या आहेत, एक साधारण अडीच फुटांवर, दुसरी तीन फुटांवर. पुस्तकातला आकडा आमच्याकडे आहे, पण आपल्या वसाहतीतल्या म्हाताऱ्या बायकांची उंची पुस्तकात नाही. चहा घेतल्यानंतर ज्येष्ठांनी एकेकदा चढून पाहावे आणि हात जिथे आपोआप टेकतो तिथे खडूने खूण करावी. खडू दोरीने बांधून ठेवला आहे. पहिली खूण आजीने सकाळीच केली आहे, ती दोन्ही दांड्यांच्या मधोमध आली आहे. माईकवाल्या भावांना विनंती, की हे भाषण संपले की मशीन तसेच चालू ठेवावे आणि त्यांनीही यावे.

जय भीम.